मधली तार नसलेली गिटार

गिटारला सहा तारा असतात. रिकी विल्सनच्या गिटारवर बहुतेकदा चार-पाचच असायच्या. मधली एखाददुसरी तो सरळ काढूनच टाकायचा आणि उरलेल्या स्वतःच्या मर्जीने सैल-घट्ट करून भलत्याच सुरांत लावायचा. गिटार शिकवणाऱ्या कुठल्याही मास्तरांनी कपाळाला हात लावला असता. पण या मोडक्या वाटणाऱ्या वाद्यावर 'बी-फिफ्टीटूज' या अमेरिकन बँडचं अख्खं नाचरं जग उभं राहिलं.

जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या कॉलेजच्या गावात 1976 मध्ये पाच मित्रमैत्रिणी जमल्या: रिकी, त्याची बहीण सिंडी, केट पिअरसन, फ्रेड श्नायडर आणि कीथ स्ट्रिकलंड. पुढच्या वर्षी व्हॅलेंटाइन डेला एका घरगुती पार्टीत ते पहिल्यांदा वाजवायला उभे राहिले. बँडचं नाव बायकांच्या उंच फुगवलेल्या अंबाड्याच्या बोलीतल्या नावावरून आलं, आणि केट-सिंडी खरोखरच तसे अंबाडे मिरवत.

'रॉक लॉबस्टर' हे त्यांचं पहिलं गाजलेलं गाणं. अटलांटाच्या एका डिस्कोत भिंतीवर चित्रं दाखवत होते, त्यात लॉबस्टरही होता. एवढ्यावरून फ्रेडला गाणं सुचलं! रिकीने त्यासाठी जी धून बांधली, ती आपण आजवर रचलेली सगळ्यात बावळट धून आहे, असं त्याने कीथला हसत हसत सांगितलं होतं. ऐकून बघा. जाड तारा खाली तीच ती धून घोटत राहतात, बारीक तारा वरून टणटण उत्तर देतात. मधल्या सुरांची गर्दीच नाही. त्या मोकळ्या जागेत ऑर्गन शिरतो, फ्रेड गाण्याऐवजी बाजारातल्या विक्रेत्यासारखा ठणकावून बोलतो, आणि केट-सिंडी समुद्री जनावरांचे आवाज काढतात. बँडमध्ये बास गिटार वाजवणारा कुणी नव्हताच; ते काम केट कीबोर्डवर उरकायची. मला तर वाटतं, इतका पोरकटपणा साधायला कान फार तयार असावा लागतो.

1980 मध्ये बर्म्युडातल्या एका क्लबात हे गाणं बीटल्सवाल्या जॉन लेननच्या कानावर पडलं. केट-सिंडीच्या किंकाळ्यांत त्याला थेट आपली बायको योको ओनोची गायकी ऐकू आली. ज्या आवाजाची इतकी वर्षं टिंगल झाली, त्यावर आता लोक नाचत होते! पाच वर्षं संगीतापासून दूर राहिलेला लेनन त्याच वर्षी योकोबरोबर पुन्हा स्टुडिओत गेला. या गाण्याने हुरूप आला, हे त्याने स्वतः सांगितलं होतं.

रिकी 1985 मध्ये एड्सने गेला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. बँड थांबला. मग ड्रम वाजवणाऱ्या कीथने काठ्या बाजूला ठेवून गिटार हाती घेतली. रिकीच्या त्या विचित्र सुरावटी त्याने जवळून पाहिल्या होत्या. 1989 मध्ये 'लव्ह शॅक' आलं. अथेन्सजवळच्या, पत्र्याच्या छपराच्या ज्या झोपडीवजा घरात केट एकेकाळी राहायची, तेच या गाण्याच्या मुळाशी होतं. 'रॉक लॉबस्टर' अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 56व्या क्रमांकावरच अडलं होतं. 'लव्ह शॅक' तिसऱ्यापर्यंत चढलं.