आकड्यांतलं गाव (भाग ७) : वाडीला रस्ता का नाही?

गावाची लोकसंख्या कागदावर कशी उमटते, ते गेल्या भागात पाहिलं. आज त्या आकड्याचं रस्त्याशी असलेलं नातं पाहू. खेड्यातला रस्ता अंतर पाहून येत नाही, डोकी मोजून येतो.

२५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत ही अट स्पष्टच आहे. सपाटीवर किमान ५०० लोकवस्ती, डोंगराळ राज्यांत आणि आदिवासी व वाळवंटी भागांत २५०. पहिल्या टप्प्याला आधार २००१ च्या जनगणनेचा. अशा वस्तीला बारमाही रस्ता द्यायचा. बारमाही म्हणजे ओढ्या-नाल्यांवर मोऱ्या घातलेला, पावसाळ्यातही गाडी जाईल असा. त्यावर डांबर असलंच पाहिजे असं नाही.

या योजनेचं एकक महसुली गाव नसून वस्ती आहे, हे महत्त्वाचं. सातबाऱ्यावर गाव एकच असतं. सह्याद्रीत आणि कोकणात मात्र गावठाण खाली, धनगरवाडा वर माळावर आणि कातकरीवाडी ओढ्यापलीकडे. जनगणनेच्या गावनिहाय माहितीत पक्का रस्ता, बस, रेल्वे यांची नोंद अख्ख्या गावाची होते. सोय नसेल तर ती ५ किलोमीटरच्या आत, ५ ते १० किंवा त्याहून लांब, एवढंच कळतं. गावठाणात एसटी आली की धनगरवाड्यालाही ती कागदोपत्री मिळते. म्हणूनच वस्ती हे एकक योग्य. पण पन्नास उंबऱ्यांच्या वाडीत एवढी माणसं भरायची कशी? त्यासाठीही वाट आहे. ५०० मीटरच्या परिघातल्या, डोंगरात पायवाटेने दीड किलोमीटरमधल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते. पण वस्त्यांच्या यादीत नावच नसेल, तर बेरीज करणार कोण? ही झाली पहिली गळती.

दुसरी गळती मोजणीच्या महिन्यात आहे. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. त्या वीस दिवसांत एकदाही घरी नसलेला माणूस त्या घरात धरला गेला नाही. पाटोदा, धारूर, शिरूर कासार या बीडच्या तालुक्यांतले ऊसतोड कामगार फेब्रुवारीत पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात फडावर असतात. तिथे त्यांची मोजणी झाली, तरी ती माणसं त्या गावची ठरतात. समजा, साडेपाचशे वस्तीच्या तांड्यातली दीडशे माणसं उसाला गेली, तर तांडा चारशेवर येतो आणि ५०० च्या अटीतून बाद होतो. आकडा एकदा चुकला की बराच काळ चिकटतो : २०२४ मध्ये मंजूर झालेला योजनेचा चौथा टप्पाही २०११ च्याच जनगणनेवर उभा आहे.

रस्ता झाला म्हणजे एसटी आलीच असंही नाही. एसटीची फेरी भारमानावर, म्हणजे गाडीतल्या किती जागा भरतात त्यावर, टिकते. रस्ता सुधारला की खासगी वडाप जीप आणि दुचाकी वाढतात, भारमान उतरतं, मग दुपारची फेरी बंद होते आणि कधीतरी मुक्कामी गाडीही. वडाप प्रवासी भरल्याशिवाय हलत नाही. शाळेची घंटा मात्र थांबत नाही. त्यामुळे पहिला फटका बसतो तो आठवीनंतर बाजारगावी शिकायला जाणाऱ्या मुलींना. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात मुलींसाठी मोफत बस सुरू झाल्या त्या याच कारणाने. त्या फेऱ्यांचा हिशेब तिकिटांवर करून चालणार नाही, पटावरच्या मुलींवरच करायला हवा.

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ जाहीर झाली आहे, म्हणजे मोजणी पुन्हा गळिताच्या हंगामातच. तेव्हा ग्रामसभेत दोन गोष्टी लेखी मागा : आपल्या प्रत्येक वाडीचं, तांड्याचं नाव वस्त्यांच्या यादीत आहे का, आणि हंगामाला बाहेर जाणाऱ्या कुटुंबांची ग्रामपंचायतीकडे वेगळी नोंद आहे का. रस्त्याचा अर्ज त्यानंतर.

(पुढील भागात : शाळेचा पट आणि गावाचं वय)