पसरणी ते तबकडी : शाहीर साबळे

जन्म : ३ सप्टेंबर १९२३, पसरणी, ता. वाई, जि. सातारा. वाईहून पाचगणीला चढणाऱ्या घाटाला याच गावाचं नाव आहे. पूर्ण नाव कृष्णराव गणपतराव साबळे. बासरीचा नाद लहानपणीच लागला. शिक्षणासाठी ते अमळनेरला आजीकडे राहिले. तिथेच साने गुरुजींचा सहवास लाभला.

शाहीर कोण? अरबी ‘शायर’वरून आलेला शब्द. हाती डफ, साथीला तुणतुणं, मागे सूर धरणारे झीलकरी.

फरक ओळखा
• पोवाडा : पराक्रमाचं कथन. शिवकाळातला सर्वपरिचित नमुना अज्ञानदासाचा, अफझलखान वधावरचा.
• लावणी : शृंगारप्रधान, ढोलकीवरची.
• भारूड : संत एकनाथांनी लोकप्रिय केलेलं रूपक. साबळ्यांच्या आवाजातलं विंचवाचं भारूड घरोघरी पोचलं.

तीन मिनिटांची मर्यादा : लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. रात्रभर रंगणारा पोवाडा तिथे काटछाट करूनच बसवावा लागे. भारतातलं ध्वनिमुद्रण १९०२मध्ये कोलकात्यात सुरू झालं. गौहर जान या सुरुवातीच्या गायिकांपैकी.

१९६० : महाराष्ट्र राज्याची स्थापना. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ : शब्द राजा बढे, संगीत श्रीनिवास खळे, आवाज साबळ्यांचा. त्याच वर्षी ‘यमराज्यात एक रात्र’ हे त्यांचं मुक्तनाट्य रंगमंचावर आलं.

पुढे : ‘महाराष्ट्राची लोकधारा’ हा कार्यक्रम, १९९८मध्ये पद्मश्री, ‘माझा पवाडा’ हे आत्मचरित्र. निधन २० मार्च २०१५, मुंबई.

१९ फेब्रुवारी २०२३, शिवजयंतीपासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे अधिकृत राज्यगीत आहे.