यीस्टच्या मागून येणारे

सांडपाणी पचवून गॅस देणारा आमच्या कारखान्याचा डायजेस्टर यंदाच्या गळीत हंगामापासून बंद. आता स्पेंटवॉश, म्हणजे अल्कोहोल काढून उरलेलं सांडपाणी, आटवायचा आणि थेट बॉयलरात जाळायचा. शून्य विसर्गाच्या नियमात ते बसतं, हे खरं. नव्या बॉयलरपुढे नारळ फुटला. डायजेस्टरकडे कुणी फिरकलंही नाही.

सांडपाणी जिवाणूंकडून साफ करून घ्यायची ॲक्टिव्हेटेड स्लजची रीत 1914 सालची, मँचेस्टरची. पुढे 1969मध्ये जपानी संशोधकांनी बिअरच्या कारखान्याच्या सांडपाण्यातून एक जिवाणू वेगळा काढला : आर्थ्रोबॅक्टर ल्युटियस. यीस्टच्या पेशीची ग्लुकानची चिवट भिंत तो फोडतो. त्याचं विकर आज जगभरच्या प्रयोगशाळा विकत घेतात. त्याच्याच दुसऱ्या एका विकरावरून माणसाच्या जनुकसंचातल्या ‘आलू’ तुकड्यांना नाव मिळालं. संचाचा सुमारे दहावा हिस्सा त्यांचाच. वर्गीकरणवाल्यांनी मात्र मूळ धन्याचं नावच बदलून टाकलं!

आमचा डायजेस्टर नव्वदच्या दशकातला. लिटरभर अल्कोहोलमागे दहा-बारा लिटर स्पेंटवॉश; तपकिरी, आंबट, वाफाळता, सीओडी, म्हणजे प्रदूषणाचं माप, लिटरमागे लाख मिलिग्रॅमच्या घरात. शेणकाला घालून डायजेस्टर सुरू केला, तो रुळायला कित्येक आठवडे गेले. मेलेलं यीस्ट त्यात बेतानं सोडायचं, कारण भिंत फुटेपर्यंत ते पचत नाही. आधी फोडणारे सूक्ष्मजीव, मग आम्ल करणारे, शेवटी मिथेन करणारे, आणि हे शेवटचे भलतेच नाजूक. पण उत्पादनाची घाई असलेले आमचे एक वरिष्ठ रात्रपाळीत फर्मेंटरचा यीस्टभरला तळगाळ सरळ आत सोडायला लावायचे. सकाळी पीएच घसरलेला, गॅस बसलेला, वर फेस. “साहेब, पोट बिघडलंय,” असं म्हणत कामगार चुन्याची पोती ओढायचे. त्या महिन्याच्या अहवालात दोष ‘जिवाणूंची अकार्यक्षमता’ असा लिहिला गेला, तोही वरिष्ठांच्याच अक्षरात. अल्कोहोलचा उतारा वाढला की त्याच केबिनमध्ये यीस्टचं कौतुक चालायचं.

हल्ली सल्लागार ‘स्पेशल कल्चर’ची पाकिटं घेऊन येतात, किलोचा भाव ऐकून घाम फुटावा. शेणाचा उल्लेख केला की हसतात.

नव्या बॉयलरची राख पोटॅशसाठी विकली जाते, ती जमेत धरतात. पण स्पेंटवॉश एकटा नीट पेटत नाही, सोबत बगॅस नाहीतर कोळसा घालावा लागतो. डायजेस्टर उलट बॉयलरला गॅस पुरवत होता. तो आकडा आता कुठल्याच ताळेबंदात नसतो.