प्रत्येकीला दहा मिनिटं

वसईतल्या एका ख्रिस्ती शाळेचा मुलींचा बास्केटबॉल संघ अटीतटीचा सामना हरला, कारण सरांनी बाराच्या बारा मुली खेळवल्या. एका पालकांनी मला हे तक्रारीच्या सुरात सांगितलं. दोन गुणांनी मागे असताना सरांनी संघातली सगळ्यात लहानखुरी मुलगी आत पाठवली म्हणे. ते ऐकलं आणि या सरांना भेटायचंच, असं मी ठरवलं.

सराव शाळा सुटल्यावर असतो. मैदानाला फेऱ्या, थोडा व्यायाम, मग जोडीजोडीने पास. सिमेंट दिवसभर तापलेलं. चेंडूच्या रबराचा वास हाताला असा बसतो की साबणानेही जात नाही. सरांकडे शिट्टीबरोबर एक चौकटीची वही असते. तिच्यात सहावी ते आठवीच्या बारा मुलींची नावं आणि प्रत्येक नावापुढे रेघा. एक रेघ म्हणजे एक मिनिट.

“प्रत्येकीला दहा मिनिटं,” सर म्हणाले. “४० मिनिटांचा खेळ, पाच जणी मैदानात, म्हणजे माझ्याकडे २०० मिनिटं. बारा जणींना दहा-दहा दिली की १२० गेली. उरलेली ८० चांगल्या खेळणाऱ्यांना. यात अन्याय कुणावर झाला, सांगा?”

मला हा हिशेब पटला, कारण या वयाचं शरीर फसवं असतं. अकरा-बाराव्या वर्षी काही मुली झपाट्याने वाढतात, काही वर्ष-दोन वर्षं मागे राहतात. मुलांची उंची तर त्याहून उशिरा सुटते. सातवीत जी उंच ती संघात, असं धरलं तर आपण फक्त लवकर वाढलेल्यांना निवडतो. बाकीच्या दोन वर्षं बाकावर बसतात आणि उंची येईपर्यंत खेळ सोडून मोकळ्या होतात.

ती लहानखुरी मुलगी सातवीत आहे. जर्सी गुडघ्यापर्यंत येते. फ्री थ्रोच्या रेषेवरून तिचा चेंडू रिंगपर्यंत पोचतच नव्हता. “हातांनी ढकलू नकोस गं. गुडघ्यातून उठ,” सर एवढंच म्हणाले आणि बाजूला उभे राहिले. ती वाकली, उठली, चेंडू कमी पडला. स्वतःच धावत जाऊन तिने तो आणला. पुन्हा वाकली. बाकीचा सराव संपत आला तरी माझी नजर तिच्यावरून हलेना. शेवटी एकदा चेंडू रिंगवर आपटून बाहेर आला, तेव्हा सरांनी मोठ्याने टाळी वाजवली.

हा खेळच मुळी एका ख्रिस्ती संस्थेत जन्मला. १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला, वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत, जेम्स नेस्मिथ यांनी तो रचला. ते धर्मशास्त्र शिकलेले. पुढे कॅन्सस विद्यापीठाचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. जिंकल्यापेक्षा जास्त सामने हरलेले त्या संघाचे आजवरचे ते एकमेव प्रशिक्षक.

सरांना हरणं आवडतं, असं मात्र कुणी समजू नये. बचावात ढिलाई दिसली की त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जातो. संत पौलाने करिंथकरांना लिहिताना शर्यतीचा दाखला दिला आहे आणि तिथे बक्षीस मिळवण्यासाठीच धावायला सांगितलं आहे, हे त्यांनीच मला सांगितलं. जिंकायला शिकवायचं, पण सगळ्यांना शिकवायचं. सामन्याआधीच्या प्रार्थनेत ते विजय मागत नाहीत. दोन्ही संघांत कुणाला दुखापत होऊ नये, एवढंच मागणं. हिंदू आणि मुसलमान मुलीही त्याच गोलात हात धरून उभ्या असतात.

त्या हरलेल्या सामन्यानंतर एक वडील तावातावाने आले होते. “सर, शेवटी तरी तिला बाहेर ठेवायचं होतं!” सरांनी वही उघडून दाखवली. तिच्या नावापुढे तेव्हा सहाच रेघा होत्या. चार मिनिटं देणं बाकी होतं.

माझं मत सरांच्या बाजूने आहे. आंतरशालेय स्पर्धा भरवणाऱ्यांनी निदान चौदा वर्षांखालच्या गटासाठी तरी हा नियम लेखी करावा, म्हणजे एकट्या प्रशिक्षकाला त्यासाठी पालकांशी भांडावं लागणार नाही. आणि पालकांनो, मुलीच्या सामन्याला जाल तेव्हा गुणांच्या आधी विचारा, बाकावरच्या मुलींना किती मिनिटं मिळाली.