कासावलीचे तीन राजे: विष, भुते आणि वस्तुस्थिती

मुळशीवरून ताम्हिणी घाट उतरून गोव्याकडे निघालेल्या गाडीत रात्री भुताखेतांचा विषय निघाला, की कासावलीच्या ‘थ्री किंग्ज चर्च’चा नंबर हमखास लागतो. मुरगाव तालुक्यातल्या कुएली गावच्या टेकडीवर हे छोटे, जुने प्रार्थनामंदिर आहे. गोष्ट अशी सांगतात: तीन पोर्तुगीज राजे या मुलखासाठी भांडत होते. त्यांतल्या होल्गरने दोघांना जेवायला बोलावून विष घातले. लोक चवताळून आले, तेव्हा त्यानेही विष घेतले. तिघांना इथेच पुरले आणि तेव्हापासून त्यांचे आत्मे टेकडीवर भटकतात. गोष्ट रंगते खरी, पण तपासायला घेतली की टिकत नाही.

गैरसमज: इथे तीन पोर्तुगीज राजे राज्य करत होते.

वस्तुस्थिती: १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवा जिंकले ते पोर्तुगालच्या राजाच्या नावाने. राजा युरोपात आणि कारभार व्हाइसरॉयच्या किंवा गव्हर्नरच्या हाती, अशीच पुढची व्यवस्था होती. साष्टी आणि बारदेश हे प्रांत १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे आले. कासावलीचा परिसर तेव्हा साष्टीत मोडत असे. चर्चचे बांधकाम १५९९ चे मानले जाते. त्या वर्षी तर पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या तिसऱ्या फिलिपकडे होता आणि गोव्यात व्हाइसरॉय होता वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा. तिघे सोडाच, गादीवर असताना एकही पोर्तुगीज राजा गोव्यात आला नाही.

गैरसमज: होल्गरने दोन राजांना विष घातले.

वस्तुस्थिती: होल्गर हे नाव डेन्मार्ककडचे. पोर्तुगालच्या राजांच्या वंशावळीत ते कुठेच नाही. गोव्याचा कारभार कागदावर चालत असे. लिस्बनशी झालेल्या पत्रव्यवहाराचे खंडच्या खंड पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. तीन राजे एका दिवसात मेले असते, तर त्या बातमीने सारा युरोप हादरला असता. ती फक्त एका टेकडीपुरती उरली नसती.

गैरसमज: चर्चचे नाव त्या मेलेल्या राजांवरून पडले.

वस्तुस्थिती: हे मंदिर ‘नोसा सिन्योरा दोस रेमेदियोस’ या नावाने मरियेला वाहिलेले आहे. ‘तीन राजे’ हे नाव चिकटले ते ६ जानेवारीच्या फेस्तामुळे. ताऱ्याचा माग काढत बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या गास्पार, मेल्किओर आणि बाल्थाझार यांचा हा सण. गोव्यात तो चांदोरला आणि मांडवीकाठच्या रेइश मागुशलाही मोठा असतो. रेइश मागुशचे चर्च १५५५ चे, म्हणजे कासावलीच्याही आधीचे.

गैरसमज: निदान बायबलमधले तरी तिघे राजेच होते.

वस्तुस्थिती: मत्तयच्या शुभवर्तमानात पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक आहेत. ते किती होते हे तिथे सांगितलेले नाही आणि त्यांना राजेही म्हटलेले नाही. सोने, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून माणसेही तीन धरली गेली. मुकुट आणि नावे पुढच्या परंपरेने दिली.

गैरसमज: चर्च शापित आहे, गावकरी तिकडे फिरकत नाहीत.

वस्तुस्थिती: फेस्ताच्या दिवशी कुएली, कासावली आणि आरोशी या तीन गावांतून एकेक मुलगा राजा होतो. मुकुट आणि झगा घालून, घोड्यावर बसून तिघे वेगवेगळ्या वाटांनी टेकडी चढतात आणि वर एकत्र येतात. आपल्याकडच्या जत्रेत पालखीचा मान गावागावांत वाटलेला असतो, तसाच हा मान. एरवी मंदिर बहुतेक वेळ बंद असते. बाहेरून आलेल्या माणसाला त्यामुळे कुलूप तेवढे दिसते आणि ते भुतांमुळे लागले असावे, असे तो धरून चालतो.

गैरसमज: इतक्या जणांना तिथे कोणाची तरी चाहूल लागते, म्हणजे काहीतरी असणारच.

वस्तुस्थिती: चाहूल खोटी असेलच असे नाही, प्रश्न तिच्या अर्थाचा आहे. टेकडी उघडी, समुद्र जवळ, वारा भरपूर. वाऱ्याने हललेले झुडूप दिवसा झुडूपच वाटते. पण जो आधीच तीन राजांच्या मरणाची गोष्ट ऐकून वर चढलेला असतो, त्याला अंधारात पावले ऐकू येतात. तो खाली येऊन सांगतो आणि पुढचा तेवढीच तयारी करून वर जातो. अनुभवांची संख्या अशी वाढत जाते, पुरावा मात्र वाढत नाही.

ही भूतकथा पसरली ती नाव ऐकलेल्या पण सण न पाहिलेल्या लोकांमुळे. गावाच्या लेखी हे श्रद्धेचे ठिकाण आहे. मध्यरात्री बॅटऱ्या घेऊन तिथे गोंधळ घालणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे. राजे पाहायचेच असतील तर ६ जानेवारीला दिवसाउजेडी जावे. तिघेही भेटतात, घोड्यांसकट.