शांतता शिकवणारं कॉलेज

शांतता हा पदवीचा विषय म्हणून जगात प्रथम शिकवला तो अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातील मँचेस्टर कॉलेजने, १९४८ साली. प्रा. ग्लॅडिस म्यूर यांनी तो सुरू केला. कॉलेज ‘चर्च ऑफ द ब्रेदरन’चे, शस्त्र न उचलणे हे या पंथाचे व्रत. डहाणूचे मिशन रुग्णालयही याच पंथाने सुरू केले.

शांततेला न्यायाचा पाया लागतो, आणि न्यायाचे धडे आपल्याकडे त्याहून शंभर वर्षे आधी गिरवले गेले. पुण्याच्या स्कॉटिश मिशन शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी १८४७ मध्ये टॉमस पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले. पुढच्याच वर्षी मुलींची शाळा काढली.

न्यायाच्या याच वाटेवरचे येवला तर नाशिक जिल्ह्यातल्या विंचूरच्या विद्यार्थ्यांना शेजारीच. तिथेच १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. शांतता किंवा न्याय हा पदवीचा मायनर (दुय्यम) विषय निवडण्याआधी विद्यार्थ्यांनी या घोषणेची आठवण जपणारी तिथली मुक्तिभूमी जरूर पाहून यावी.