स्मृतिपट्टीची निवड : नावाची आणि बिननावाची

दक्षिण दिल्लीतील नेहरू प्लेस ही वसाहत दिल्ली विकास प्राधिकरणाने कार्यालयांसाठी उभारली. मधोमध फरसबंद चौक, भोवती चौकोनी इमारतींची रांग आणि पलीकडे कालकाजीचे देऊळ अशी तिची रचना आहे. तळमजल्यावर कापडाची दुकाने आजही आहेत; परंतु १९८० नंतर या इमारतींत संगणकाचा व्यापार शिरला आणि पाहता पाहता साऱ्या उत्तर भारताची ती संगणकपेठ झाली. बाजार आता पूर्वीइतका गजबजलेला नाही, कारण बरेचसे गिऱ्हाईक घरबसल्या माल मागवू लागले आहे. तरीही जुन्या संगणकासाठी रॅमची पट्टी हवी असेल, तर दिल्ली, नोएडा, गुरुग्राम किंवा फरिदाबादचा माणूस मेट्रोने इथेच उतरतो. गल्ल्यापुढे उभे राहताच त्याला एक प्रश्न ऐकू येतो : ‘कंपनी की चाहिए या लोकल?’

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण खिशाकडे पाहून देतात. त्यात गैर काही नाही. परंतु ‘कंपनीची’ म्हणजे काय आणि ‘लोकल’ म्हणजे काय, हे दोन्ही शब्द वाटतात तितके सरळ नाहीत. ते समजून घ्यायचे तर दुकान सोडून थोडे आतल्या यंत्राकडे वळले पाहिजे.

संगणकाची ही तात्पुरती स्मृती ज्या घटकांची बनते त्याची कल्पना आयबीएमच्या प्रयोगशाळेतील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली सुचली आणि १९६८ साली तिचे स्वामित्वपत्र त्यांना मिळाले. एक ट्रान्झिस्टर आणि एक सूक्ष्म विद्युत्धारित्र, एवढाच तो घटक. धारित्रात भार असला तर एक, नसला तर शून्य. १९७० साली इंटेलने बाजारात आणलेल्या चिपमध्ये १,०२४ बिट मावत. आज आठ गिगाबाइटच्या साध्या पट्टीत असे सुमारे ६,८७२ कोटी घटक असतात. अडचण अशी की हे धारित्र म्हणजे गळका रांजण होय. त्यातील भार सतत झिरपत राहतो, म्हणून तो पुनःपुन्हा भरावा लागतो. डीडीआर-४ पर्यंतच्या पट्ट्यांत सामान्य तापमानाला प्रत्येक घटक दर ६४ सहस्रांश सेकंदांच्या आत एकदा तरी वाचून पुन्हा भरला जातो. हे काम आपल्या नकळत अहोरात्र चालते. एखादा घटक प्रमाणापेक्षा अधिक गळका निघाला, तर पुढची फेरी येण्यापूर्वीच त्यातील ‘एक’चा ‘शून्य’ झालेला असतो. उष्णतेने गळती वाढते. दिल्लीत जानेवारीत सुरळीत चालणारा संगणक मे महिन्याच्या दुपारी अकारण बंद पडू लागला, तर दोष पुष्कळदा अशा कमकुवत घटकांत सापडतो.

आता या चिपा करते कोण? इथे वाचकाला थोडे आश्चर्य वाटेल. दुकानात पट्ट्यांची नावे डझनावारी दिसतात, परंतु जगातील अशा चिपांचा फार मोठा वाटा अवघ्या तीन कंपन्या तयार करतात : दक्षिण कोरियातील सॅमसंग व एसके हायनिक्स आणि अमेरिकेतील मायक्रॉन. जर्मनीची किमोंडा २००९ साली दिवाळखोरीत गेली. जपानची एल्पिडा २०१२ साली बुडाली आणि पुढच्या वर्षी मायक्रॉनने ती विकत घेतली. अलीकडे चीनमधील चँगशिन या कंपनीची भर पडली आहे. १९८७ साली स्थापन झालेली किंग्स्टन किंवा १९९४ सालची कॉर्सेअर या नामवंत कंपन्या स्वतः चिपा घडवीत नाहीत. त्या चिपा विकत घेतात, हिरव्या किंवा काळ्या पट्टीवर बसवतात, तपासतात आणि आपले नाव लावून विकतात. म्हणजे रंगीत ॲल्युमिनियमचे कवच चढवलेली महागडी पट्टी आणि जुन्या कार्यालयीन संगणकातून निघालेली, सॅमसंगचा साधा पांढरा कागद चिकटवलेली पट्टी या दोहोंतील चिपा एकाच कारखान्यातील असू शकतात. दुसरीला दुकानदार ‘लोकल’ म्हणतो आणि पहिलीला ‘कंपनीची’. वास्तविक प्रकार उलटा आहे.

मग नाव कशासाठी आणि पैसे कशाचे? उत्तर प्रतवारीत आहे. सिलिकॉनच्या एकाच तबकडीवर शेकडो चिपा निघतात आणि त्या सगळ्या सारख्या उतरत नाहीत. काही ठरल्यापेक्षा अधिक वेगाने चालतात, पुष्कळशा ठरल्याप्रमाणे चालतात, काही जेमतेम चालतात. कारखान्यात त्यांची चाळणी लागते. उत्तम माल सर्व्हरसाठी आणि मोठ्या खरेदीदारांसाठी जातो. पूर्ण तपासणी न झालेला किंवा तपासणीत काठावर उतरलेला मालही फेकून दिला जात नाही; तो कमी किमतीत, पुष्कळदा मूळ कारखान्याच्या नावाविना विकला जातो. खेळण्यांत, बोलक्या बाहुल्यांत किंवा स्वस्त रेडिओत तो निमूट काम करतो, कारण तिथे एखादा बिट चुकला तर कोणाचे काही बिघडत नाही. हाच माल संगणकाच्या पट्टीवर बसला की त्याची बिननावाची पट्टी होते. त्यात आणखी एक प्रवाह मिसळतो. ईशान्य दिल्लीतील सीलमपूरमध्ये देशभरातून आलेले जुने संगणक सुटे केले जातात आणि वापरण्याजोगे भाग वेगळे काढून पुन्हा विकले जातात. चिपेवरचा जुना छाप घासून त्यावर नवा छापणे ही कलाही बाजाराला अवगत आहे.

औषधांच्या बाबतीत ‘जेनेरिक’ हा शब्द आता आपल्याकडे रुळला आहे आणि जनऔषधी केंद्रांमुळे त्याला चांगला अर्थही आला आहे : तेच औषध, तोच गुण, फक्त नावाची किंमत वगळून. ही समजूत रॅमला लावणारे पुष्कळ भेटतात; पण ती लावू नये. बिननावाच्या औषधामागे औषध कायदा, परवाना आणि तपासनीस उभा असतो. बिननावाच्या पट्टीमागे कोणीही उभे नसते. जेडेक ही संस्था पट्टीची मापे, विद्युत्दाब आणि वेळापत्रके ठरवून देते. डीडीआर-४ चे मानक २०१२ साली आणि डीडीआर-५ चे २०२० साली तिनेच प्रसिद्ध केले. परंतु मानक लिहिणे वेगळे आणि प्रत्येक नग त्या मानकाला उतरतो की नाही हे पाहणे वेगळे. पट्टीवरील एका लहानशा चिपेत तिची स्वतःची माहिती नोंदलेली असते आणि संगणक तीच खरी मानून चालतो. ती नोंद कोणीही खोटी लिहू शकतो.

शिवाय नावाचीही चोरी होते. देवगडच्या रिकाम्या पेटीत कर्नाटकाचा आंबा भरून विकण्याचा धंदा मराठी वाचकाला सांगायला नको. नामवंत पट्टीचा कागद छापणे त्याहून सोपे आहे. म्हणून ‘नावाची पट्टी घ्यावी’ एवढाच सल्ला अपुरा ठरतो. नाव ज्याने लावले त्याच्यापर्यंत पोहोचता आले पाहिजे.

नामवंत मालातही दोष निघतात, हे इथेच सांगून टाकणे प्रामाणिकपणाचे होईल. १९७८ च्या सुमारास इंटेलच्या चिपांत अधूनमधून बिट उलटू लागले, तेव्हा शोधाअंती असे आढळले की चिपेच्या वेष्टनातील द्रव्यात किरणोत्सारी अंश होते आणि त्यांतून निघणारे अल्फा कण भार उडवून लावीत होते. गूगलच्या सर्व्हरांतील पट्ट्यांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत निदान एक तरी चूक नोंदली गेली, आणि बऱ्याचशा चुका अंतराळातील किरणांसारख्या योगायोगाने नव्हे, तर पट्टीतील कायमच्या दोषामुळे होत होत्या. मात्र त्या सर्व्हरांत चूक पकडणारी आणि दुरुस्त करणारी जादा चिप होती. घरगुती संगणकात ती नसते. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीत चूक निदान ओळखणारा नववा बिट होता. पुढे १९९० नंतरच्या दशकात काटकसरीसाठी तो सर्वसामान्य संगणकांतून गेला. डीडीआर-५ मध्ये चिपेच्या पोटात थोडी दुरुस्ती होते, पण चिपेतून प्रक्रियकापर्यंतच्या वाटेवर होणारी चूक तिला दिसत नाही.

अशी चूक झाली तर होते काय? संगणक बंद पडला तर ते सुदैव समजावे, कारण निदान काही बिघडले आहे हे कळते. वाईट प्रकार तो, ज्यात काहीच होत नाही. देवनागरीचे उदाहरण घेऊ. युनिकोड या सर्वमान्य संकेतात ‘क’ आणि ‘ग’ यांच्या क्रमांकांत फक्त एका बिटाचा फरक आहे. ‘र’ आणि ‘ल’ यांच्यातही एकाचाच, ‘त’ आणि ‘द’ यांच्यातही एकाचाच. एक बिट उलटला की ‘काळ’चा ‘गाळ’ होतो, ‘तार’चे ‘दार’ होते. शब्द शुद्ध राहतो, म्हणून शुद्धलेखन तपासणारी सोय त्याला हरकत घेत नाही. आकड्यांच्या बाबतीत तर वाचणाऱ्यालाही शंका येत नाही.

प्रस्तुत लेखकाला याचा अनुभव आला तो दिल्लीतील एका लहानशा मराठी ग्रंथसंग्रहाची सूची संगणकावर चढवताना. यंत्र जुने, देणगीत मिळालेले. त्याला आठ गिगाबाइटची बिननावाची पट्टी आम्हीच हौसेने बसवली होती, पावती न घेता. सुमारे साडेतीन हजार नोंदी झाल्यावर एका वाचकाने ‘संतवाङ्मयाचा गाळ’ हे शीर्षक दाखवून मिस्कीलपणे विचारले की हे कोणाचे संशोधन? आम्ही तो बोटांचा दोष मानला आणि हसलो. तिसऱ्या महिन्यात दाखल क्रमांक पुस्तकांशी जुळेनात, तेव्हा हसू मावळले.

स्मृती तपासणारी मेमटेस्ट-८६ ही आज्ञावली फुकट मिळते. संगणक सुरू होतानाच ती चालू करावी लागते. मग ती प्रत्येक घटकात ठरावीक आकृतिबंध लिहिते, वाचते, पुसते आणि पुन्हा लिहिते. एक फेरी निर्दोष गेली म्हणून थांबू नये. रात्रभर चालू द्यावी, आणि शक्य तर उन्हाळ्यात. आमच्या पट्टीने पहिल्या दोन फेऱ्या निर्दोष पार केल्या, तिसरीत एकाच ठिकाणी वारंवार चूक दाखवली.

किमतीबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण मोह तिथूनच सुरू होतो. जुलै १९९३ मध्ये जपानमधील सुमितोमोच्या राळ बनवणाऱ्या कारखान्यात स्फोट झाला आणि जगभर रॅम महागली. २०१३ साली चीनमधील हायनिक्सच्या कारखान्याला लागलेल्या आगीनेही तेच केले. काही महागाई मानवनिर्मित होती. १९९९ ते २००२ या काळात उत्पादकांनी संगनमताने किमती ठरवल्याबद्दल अमेरिकेत सॅमसंगला २००५ साली ३० कोटी डॉलरचा दंड झाला. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी चिपांची मागणी इतकी वाढवली की घरगुती पट्ट्यांचे भाव भडकले आणि डिसेंबरात मायक्रॉनने आपला क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा व्यवसायच बंद करण्याचे जाहीर केले. चिप घडवणाऱ्यानेच थेट विकलेली, म्हणून अनेकांना भरवशाची वाटणारी ही पट्टी होती. अशा दिवसांत बिननावाच्या मालाला ऊत येतो.

तेव्हा निवड करताना आधी यंत्राचे काम पाहावे. केवळ चित्रपट पाहण्यासाठी किंवा मुलांच्या सरावासाठी जुना डीडीआर-३ संगणक जिवंत ठेवायचा असेल, तर चांगल्या बनावटीच्या कार्यालयीन संगणकातून निघालेली वापरलेली पट्टी घ्यायला माझी हरकत नाही; नव्या बिननावाच्या पट्टीपेक्षा ती मला बरी वाटते, कारण तिने काही वर्षे काम करून दाखवलेले असते. जिथे हिशेब, हस्तलिखित, रुग्णांच्या नोंदी किंवा कोणाचीही एकमेव प्रत राहणार आहे, तिथे नावाची पट्टी घ्यावी. मात्र त्यातील सर्वांत साधी घ्यावी. झगमगत्या पट्ट्यांवर छापलेला वेग मानकापलीकडचा असतो. त्यासाठी वेगळी आखणी लागते आणि लेखनवाचनाला त्याचा उपयोग नाही. जुन्या पट्टीशेजारी नवी बसवली की दोन्ही बहुधा मंद पट्टीच्या चालीने चालतात, हेही लक्षात घ्यावे. पावती जीएसटी क्रमांकासह घ्यावी आणि तीवर पट्टीचा अनुक्रमांक लिहवून घ्यावा. ‘कुछ हुआ तो ले आना’ हे आश्वासन मनापासूनचे असू शकते, पण ग्राहक आयोगापुढे ते मांडता येत नाही.

आमच्या दुकानदाराने पावती नसतानाही पट्टी बदलून दिली, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. नवी पट्टीही बिननावाचीच होती. ती आम्ही दोन रात्री तपासली. तिच्यात एकही चूक निघाली नाही आणि आज ती एका विद्यार्थ्याच्या संगणकात चालू आहे. सूचीच्या यंत्रासाठी वर्गणी काढून नावाची पट्टी घेतली. नोंदी मात्र एकेक पुस्तक हाती घेऊन पडताळाव्या लागल्या. त्याला चार महिने लागले, आणि मधल्या काळात वाचकांनी परत नेऊन दिलेली की न दिलेली, हे ठरवता न आलेली एकोणीस पुस्तके अजून वहीत वेगळ्या पानावर लिहिलेली आहेत.